निन्या एर्लिंदाचा डावा गाल

१

"माझ्या सुनेनं मला विष घातलंय, डॉक्टरीणबाई. खाण्यातून नव्हे, तोंडावरून. आणि हा घ्या मुद्देमाल!"

निन्या एर्लिंदाने पिशवीतून क्रीमच्या तीन डब्या काढल्या आणि एकेक करून टेबलावर आपटल्या. बाई साठीला आलेली, पण आमच्याकडे वयाने मोठ्या बाईला मानाने 'निन्या', म्हणजे 'मुली', असंच म्हणतात. त्यामुळे सोन्सोनातेच्या या दवाखान्यात निम्म्या मुलींचे गुडघे दुखत असतात.

त्वचेच्या डॉक्टर ओंदिना मेन्हिवार यांनी डब्यांकडे पाहिलं नाही. त्यांनी आधी चेहरा पाहिला. डावा डोळा सुजून बंद झालेला. डावा गाल लालभडक, त्यावर बारीक पाणीदार फोड. तसेच फोड मानेच्या डाव्या बाजूला आणि डाव्या कोपराच्या खोबणीत. उजवी बाजू मात्र अगदी स्वच्छ होती.

"क्रीम कसं लावता, निन्या?"

"सगळ्या बायका लावतात तसंच. सगळ्या तोंडाला."

"मग विषानं डावीच बाजू का धरली?"

"सून डावखुरी आहे!" निन्या एर्लिंदा छातीठोकपणे म्हणाली.

दाराशी उभा असलेला तिचा मुलगा विल्बर ओशाळला. "आई, हळू बोल. बाहेर ऐकू जातंय."

"जाऊ दे की! बायकोची अब्रू तेवढी दिसते तुला. आईचं थोबाड दिसत नाही!"

बाईचा पुपुसांचा ठेला होता, सान हुलिआनला, रस्त्याच्या कडेलाच. मक्याच्या पोळीत चीज नि वाटलेला घेवडा भरून ती तव्यावर भाजायची, सोबत कोबीचं आंबट लोणचं. सून दिनोरा वर्षभरापूर्वी घरात आली. ती कॅटलॉग घेऊन दारोदार क्रीम आणि अत्तरं विकायची. पाच महिन्यांचं बाळ होतं, आजोबांचंच नाव ठेवलेलं, लिसांद्रो. आजीचा त्याच्यावर इतका जीव की ठेला उघडायच्या आधी आणि मिटल्यावर तो तिच्या खांद्यावरच असायचा.

ओंदिनाबाईंनी नेहमीचे प्रश्न विचारले. खोटे दागिने? केसांचा रंग? रबरी हातमोजे? बाल्सम?

शेवटच्या शब्दासरशी बाईचा चेहरा दार लावून घ्यावं तसा मिटला. "नवरा गेल्यापासून माझ्या उंबऱ्याच्या आत बाल्समचा थेंब आलेला नाही. त्या झाडानं माणूस खाल्लाय माझा."

"बाबा बाल्सम काढायचे," विल्बर हळूच म्हणाला. "झाडावरून पडले."

आमच्या डोंगरांत निम्म्या घरांची पोटं या झाडाच्या सुगंधी चिकावर चालतात, आणि अशी एखादी विधवाही प्रत्येक आळीत असते. ओंदिनाबाईंनी औषधाची चिठ्ठी पुढे ओढली.

मलम देऊन त्यांनी आधी चेहरा निववला आणि मग बाईला पॅच टेस्टसाठी बोलावलं. पॅच टेस्ट म्हणजे पाठीवर भरवलेली ओळखपरेड. तीसेक संशयितांचा एकेक कण छोट्या वाट्यांत ठेवून पाठीला चिकटवायचा आणि दोन दिवस तसाच ठेवायचा. ज्याच्याशी कातडीचं वैर असेल, त्याच्या जागी ती स्वतःच लाल होते. तिन्ही डब्यांतलं क्रीमही ओंदिनाबाईंनी त्या रांगेत उभं केलं.

"आंघोळ नाही, घाम नाही, तव्यासमोर उभं राहणं नाही," परिचारिका त्रान्सितोने दटावलं.

"मग गावाला पुपुसा कोण घालणार?"

"दोन दिवसांत गाव काही उपाशी मरत नाही, निन्या. तुमच्याशिवाय जरा शांत झोपेल."

पट्ट्या निघाल्या. आणखी दोन दिवसांनी ओंदिनाबाईंनी पुन्हा पाठ पाहिली. क्रीमच्या तिन्ही जागा कोऱ्या होत्या. बाकी सगळ्या जागाही कोऱ्या. फक्त एका ठिकाणी लाल गोल उठला होता, वर टपोरे फोड.

"हं. पेरूचा बाल्सम," त्या म्हणाल्या. (पेरू म्हणजे फळ नव्हे, देश. औषधाच्या पुस्तकांत त्या चिकाचं नाव तसंच आहे.)

"पेरू?" निन्या एर्लिंदाने पोलक्याची बटणं लावायलाही वेळ घेतला नाही. "पेरू म्हणालात ना? सापडली! विल्बर, चल घरी!"

"अहो थांबा, तुमच्या त्या तीन डब्या तर..."

पण समोर नुसतं दार हलत होतं. बाहेर रुग्णांची रांग होती. उरलेलं पुढच्या भेटीत सांगू, असं म्हणून ओंदिनाबाईंनी पुढचं नाव पुकारलं. न बोललेल्या त्या अर्ध्या वाक्यानं एक घर मोडायला घेतलं होतं, हे त्यांना पंधरा दिवसांनी कळलं.

२

पंधरा दिवसांनी एक सडपातळ मुलगी कडेवर बाळ घेऊन दवाखान्यात आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "मी दिनोरा. विष घालणारी."

त्रान्सितोने बाळाला घेतलं आणि मुलीला खुर्चीवर बसवलं. दिनोराने रडून घेतलं, नाक पुसलं आणि मग बोलू लागली.

"माझ्या डब्यांच्या मागं छापलंय, 'पेरूमध्ये तयार'. सासूबाईंनी ठेल्यावर उभं राहून अख्ख्या गावाला वाचून दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी पेरू म्हणून सांगितलं म्हणाल्या. त्याच दिवशी मला बाहेर काढलं. आता मी आईकडे राहते. कुणी दार उघडत नाही मला. कालपर्यंत माझ्याकडून लिपस्टिक घेणाऱ्या बायका मला बघून मुलांना आत बोलावतात."

"आणि विल्बर?"

"तो इकडे येऊन रडतो, तिकडे जाऊन गप्प बसतो. मी गेल्यावर सासूबाईंचा चेहरा साफ झाला ना! मग त्यानं तरी काय बोलायचं?" तिने ओठ आवळले. "रविवारी बाळाचा बाप्तिस्मा आहे. सोमवारी मी त्याला घेऊन ग्वातेमालाला बहिणीकडे चाललेय. नवरा आला तर आला. मला बाकी काही नको. जायच्या आधी तुमच्या तोंडून एवढंच ऐकायचंय, की मी विष घातलं नाही."

ओंदिनाबाईंना आपल्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. "नाही घातलंस, बाळ. तुझ्या तिन्ही डब्या निर्दोष आहेत. माझ्या हाताने तपासल्यात."

मुलीच्या जिवात जीव आला. ती पहिल्यांदा नीट टेकून बसली आणि त्रान्सितोच्या खांद्यावर पेंगणाऱ्या बाळाकडे पाहून हसली.

"किती गोड वास येतो गं याला!" त्रान्सितो म्हणाली. "व्हॅनिलाचा केक जसा काही. तुझंच एखादं अत्तर ना?"

"छे, बाळाला मी अत्तर लावत नाही." दिनोरा बोलता बोलता थांबली आणि मग घाईने म्हणाली, "गावात एक तिओ तोरिबिओ तेवढे अजून माझ्याकडे येतात. माझ्या सासऱ्यांचे भाऊ. दर शुक्रवारी बाळासाठी पान्याल घेऊन येतात, बिचारे."

तिओ म्हणजे काका, आणि पान्याल म्हणजे बाळाचा लंगोट. ओंदिनाबाईंना त्या न पाहिलेल्या म्हाताऱ्याचं कौतुक वाटलं. "सासूबाईंकडेही येतात का ते?"

"मागच्या दारानं यायचे, त्या ठेल्यावर असताना. सासूबाई त्यांचं तोंड बघत नाहीत. सासरे पडले, त्या दिवशी त्यांना झाडावर तिओंनीच नेलं होतं म्हणून."

"बरं. आता तो पेरूचा घोळ मिटवू." ओंदिनाबाई हसल्या. "ते नुसतं नाव आहे, बाळ. फार पूर्वी स्पॅनिश लोक आपला माल पेरूच्या बंदरातून जहाजानं पाठवायचे. युरोपातल्या लोकांना वाटलं, तो तिथलाच. पेरूच्या बाल्समचा पेरूशी काही संबंध नाही. तो तुमच्या डोंगरावरचा बाल्सम आहे. सान हुलिआनचा. तुम्ही सगळे ज्याला नुसतं बाल्सम म्हणता, तोच."

त्यांना वाटलं होतं, मुलगी हसेल. दिनोराचा चेहरा पांढराफटक पडला.

"आपला बाल्सम?" ती पुटपुटली. मग उठून तिने त्रान्सितोच्या हातून बाळ जवळजवळ हिसकावलंच. "मी जाते."

"अगं, पण तू सुटलीस! कळलं का? निर्दोष ठरलीस!"

"नको. कुणाला काही सांगू नका. सासूबाईंनाही नको. राहू दे मला विष घालणारी."

ती गेली. त्रान्सितोने कमरेवर हात ठेवले. "सुटका झाल्यावर पळून जाणारा कैदी मी आजच पाहिला."

ओंदिनाबाई उत्तर देणार तेवढ्यात फोन वाजला. विल्बर होता. 

"डॉक्टरीणबाई, आईचा चेहरा परत सुजलाय. त्याच बाजूनं. पण शपथ घेऊन सांगतो, पंधरा दिवसांत दिनोरानं आमच्या अंगणातसुद्धा पाय ठेवलेला नाही!"

३

शनिवारी सकाळी दवाखाना त्रान्सितोवर सोपवून ओंदिनाबाई सान हुलिआनला पोचल्या. बाप्तिस्मा दुसऱ्या दिवशी होता.

निन्या एर्लिंदा सुजल्या डोळ्याने तव्यासमोर उभी होती. गाल, मान, कोपराची खोबण: तोच जुना नकाशा.

"बघा, डॉक्टरीणबाई! लांबूनसुद्धा पोचवते ती! विल्बरच्या कपड्यांतून पाठवलं असणार."

"आई, तुझं काहीतरीच," विल्बर लाकडं सारत म्हणाला.

"गेल्या चार दिवसांत घरात नवीन काय आलं?"

"काहीच नाही."

"कोण आलं?"

माय-लेकांनी एकमेकांकडे पाहिलं. विल्बरने मान खाली घातली. "बुधवारी दिनोरा बाजारात गेली होती, तेव्हा मी बाळाला इकडे आणलं होतं. तासभरच. आईला करमत नव्हतं त्याच्यावाचून."

"माझ्या नातवावर संशय घेता की काय?" निन्या एर्लिंदा कडाडली. "त्याला अजून धड बसता येत नाही!"

ओंदिनाबाई काही बोलणार इतक्यात त्यांना करपल्याचा वास आला. चांगलाच. तव्यावरच्या दोन पुपुसा काळ्याठिक्कर पडल्या होत्या आणि त्यांच्यावर वाकलेली बाई शांतपणे बोलत होती.

"आई, तवा!"

"हो, हो, दिसतंय मला!" बाईने घाईने पुपुसा उलटल्या आणि डॉक्टरांची नजर चुकवली.

बाकावर बसलेला एक ट्रकवाला हसला. "निन्या, हल्ली तुमच्याकडे कोळसा फुकट मिळतो वाटतं!"

ओंदिनाबाईंनी ते मनात टिपलं आणि डोंगराची वाट धरली.

तिओ तोरिबिओ झाडापाशीच भेटले. सत्तरीचा वाळका, काटक माणूस, कमरेला दोर. वर उंच खोडाची साल भाजून उघडी केलेली होती आणि त्या जखमांवर मळकट चिंध्या थापलेल्या. चीक त्या चिंध्यांत मुरतो, मग त्या उकळून पिळल्या की बाल्सम निघतो. सगळा उतार व्हॅनिला आणि दालचिनीसारखा दरवळत होता. हा वास आपण नुकताच कुठेतरी घेतलाय, असं ओंदिनाबाईंना वाटलं, पण आठवेना.

"एर्लिंदाच्या घरात मी पाय ठेवत नाही," म्हातारा त्यांनी विचारण्याआधीच म्हणाला.

"मागच्या दारानंही नाही?"

 दोराची गाठ सोडून त्याने पुन्हा बांधली.

"दिनोरा सोमवारी देश सोडून चाललीय, ठाऊक आहे का?" ओंदिनाबाईंनी विचारलं. "बाळाला घेऊन. विष घातल्याचा डाग घेऊन."

म्हाताऱ्याचे हात थांबले. "विष? तिनं? ती पोर मुंगी मारत नाही."

"मलाही तेच वाटतं. पण तिला काहीतरी माहीत आहे, आणि ती बोलत नाही. कुणाला तरी सांभाळतेय."

तिओ तोरिबिओ खाली बसले. बराच वेळ त्यांनी वर पाहिलं, जणू झाडालाच विचारत होते. मग एक थापलेली चिंधी वाऱ्याने सुटून खाली पडली आणि ते सवयीने उठले.

"पान्याल सुटलं वाटतं," असं पुटपुटून त्यांनी चिंधी उचलली.

ओंदिनाबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"काय म्हणालात?"

"पान्याल." म्हाताऱ्याने चिकाने माखलेली चिंधी पुढे धरली. "खोडाला बांधतो ती चिंधी. आम्ही हिला पान्यालच म्हणतो. तुम्ही शहरातल्या लोकांना फक्त बाळांचंच पान्याल ठाऊक."

४

"दिनोराला बोलाव," ओंदिनाबाईंनी ठेल्यावर येऊन विल्बरला सांगितलं. "बाळासकट. आणि तुम्ही, तिओ, बसा त्या बाकावर. आज कुणी मागच्या दारानं जायचं नाही."

दुपारचं गिऱ्हाईक ओसरलं होतं. दिनोरा आली ती रस्त्यातच उभी राहिली. निन्या एर्लिंदाने पाठ फिरवली. तोरिबिओंना बाकावर पाहून तर तिच्या हातातलं उलथणंच वाजलं.

"याला माझ्या ठेल्यावर कुणी बसवलं?"

"मी," ओंदिनाबाई म्हणाल्या. "ज्यानं तुमच्या गालाला विष लावलं तो इथेच आहे, निन्या. त्याला अजून दात आलेले नाहीत."

त्यांनी दिनोराच्या हातून बाळ घेतलं आणि डाव्या हातावर धरलं, सगळ्या बायका धरतात तसं. बाळाने डोकं कोपराच्या खोबणीत टेकवलं. मग त्याला उचलून त्यांनी खांद्यावर घेतलं. डोकं मानेला लागलं आणि टाळू गालाला चिकटली.

"कोपर, मान, गाल. उजवा हात कामाला मोकळा हवा, म्हणून बाळ नेहमी डाव्या बाजूला. तुम्ही जिथं जिथं त्याला धरलंत, तिथं तिथं तुमची कातडी उठली. सून गेली तेव्हा बाळही गेलं, म्हणून चेहरा निवळला. बुधवारी सून आली नाही, पण बाळ आलं."

"पण याच्या अंगावर आहे काय?" विल्बरने विचारलं.

"बाल्सम. पेरूचा नव्हे, तुमच्या डोंगरावरचा. पुस्तकात नाव पेरूचं आहे आणि मी ते घाईत तसंच बोलले. ही चूक माझी. पण एक चूक मी आणखी केली. दिनोरा म्हणाली, तिओ दर शुक्रवारी पान्याल आणतात. मी लंगोट समजले. पेरू म्हटल्यावर तुम्ही परदेश समजलात आणि पान्याल म्हटल्यावर मी दुकानातला लंगोट. दोन शब्दांपायी या पोरीचं घर जात होतं."

निन्या एर्लिंदा हळूहळू वळली. "माझ्या घरात बाल्सम आला असता, तर मला वास आला नसता? चोवीस वर्षं नवऱ्याचे कपडे धुतलेत मी!"

"तेव्हा हात फुटायचे ना?"

"साबणानं फुटायचे."

"साबणानं नव्हे. कातडीचं वैर तेव्हापासूनचं आहे. आणि वासाचं म्हणाल तर," ओंदिनाबाईंनी आवाज खाली आणला, "मघाशी तुमच्या नाकाखाली दोन पुपुसा जळल्या. तुमचं नाक कधी गेलं, निन्या?"

बाईने ॲप्रनचा पदर चुरगाळला. "गेल्या वर्षीच्या तापात," ती शेवटी म्हणाली. "सांगून काय करू? वास न येणाऱ्या बाईच्या हातचं कोण खाईल?"

तिओ तोरिबिओ उठले. टोपी काढून त्यांनी छातीशी धरली.

"एर्लिंदा, पोरीचा दोष नाही. मीच तिला शपथ घातली होती. आमच्या घरात पोर जन्मलं की त्याच्या टाळूवर पान्याल फिरवतात. झाडानं त्याला ओळखावं म्हणून. माझा भाऊ लिसांद्रो जन्मला तेव्हा आमची आई गेली. त्या धांदलीत त्याच्या डोक्यावर पान्याल फिरवायचं राहून गेलं." त्यांनी टोपी हातात फिरवली. "त्या दिवशी तो पडला, तेव्हा मला तेच आठवलं. म्हणून याच्या टाळूवर मी एकदा नाही, दर आठवड्याला फिरवलं. डोक्यावरची खपलीही गेली त्यानं. याला झाडावर चढवायचं नाहीये मला. फक्त झाडानं याला नेऊ नये."

 तव्याखालचं लाकूड तडतडलं.

"तुझ्या नवऱ्याच्या काकांना तू सांभाळत होतीस?" निन्या एर्लिंदाने सुनेला विचारलं. "स्वतःच्या नावावर माती ओढून?"

दिनोराने मान हलवली. "शपथ घालताना ते रडत होते, सासूबाई. बाल्सम म्हणजेच ते विष, हे कळलं तेव्हा वाटलं, तुम्ही त्यांना गावात उभं राहू देणार नाही. मी तशीही जाणारच होते."

निन्या एर्लिंदा बाकावर बसली. तिओ तोरिबिओंच्या शेजारीच बसली, हे तिच्या लक्षात आलं नसावं.

"कसा वास येतो त्याला?" तिने विचारलं.

"लिसांद्रो डोंगरावरून उतरून घरात शिरायचा ना," म्हातारा म्हणाला, "तेव्हा यायचा तसा."

मग मात्र बाईचा बांध फुटला. "आणि मी त्याला रोज इथे घेत होते," ती डाव्या खांद्यावर हात आपटत रडली. "इथे! आणि मला कळलं नाही!"

ओंदिनाबाईंच्याही डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्याच्या कातडीवरचं सगळं वाचणाऱ्या त्या, पण ते आत कुठवर पोचलेलं असतं ते त्यांना इतकं उघड क्वचितच दिसलं होतं. या माणसांनी आपल्याला ते पाहू दिलं, याबद्दल त्यांना मनापासून कृतज्ञता वाटली.

बरंच काही सावरायचं होतं. बाळाच्या डोक्यावर पुन्हा बाल्सम लागू नये, त्याच्या कोवळ्या कातडीलाही ते बरं नाही, असं त्यांनी तिओंना बजावलं. दिनोराने ठेल्यामागे परात मांडून बाळाला डोक्यापासून न्हाऊ घातलं. त्याने शेजारच्या आळीपर्यंत ऐकू जाईल असा गळा काढला. विल्बर पाण्याच्या घागरी आणत होता आणि दर खेपेला बायकोजवळून जाताना तिच्या पाठीवर हात ठेवत होता. निन्या एर्लिंदा तव्याकडे गेली. तिने एक पुपुसा थापली आणि नजर न हलवता भाजली. ती सुनेपुढे ठेवून तिने एवढंच म्हटलं, "खा."

दिनोराने खाल्ली. पण सोमवारच्या बसबद्दल ती काही बोलली नाही, आणि विचारायचा धीर कुणाला झाला नाही.

५

रविवारी चर्चमध्ये सगळं गाव होतं. बाप्तिस्म्याला नव्हे, सासू-सुना बघायला. ओंदिनाबाईही आल्या होत्या आणि त्रान्सितोही, कारण तिच्या म्हणण्याप्रमाणे अर्धी गोष्ट ऐकून तिला जेवण पचत नाही.

पाद्रीबाबांनी बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं. मग त्यांनी छोट्या कुपीत अंगठा बुडवला आणि त्याच्या टाळूवर पवित्र तेलाचा क्रूस ओढला. तेवढ्यात तिओ तोरिबिओ ओंदिनाबाईंच्या कानाशी वाकले.

"डॉक्टरीणबाई, त्या तेलात काय असतं, ठाऊक आहे का?"

"काय?"

"आमचाच माल. पिढ्यान् पिढ्या."

 पुढे रीतीप्रमाणे बाळ आजीच्या हाती जाणार होतं. ओंदिनाबाई घाईने उठल्या, पण मध्ये सगळी रांग गुडघ्यांवर होती.

निन्या एर्लिंदाने हात पुढे केले होते. तिला वास येत नव्हता, पण चोवीस वर्षं ती बाल्समवाल्याची बायको होती. पाद्रीबाबांचा अंगठा चमकताना तिने पाहिला आणि तिचे हात हवेतच थांबले. मग तिने ते मागे घेतले. सगळ्या गावादेखत, काही न बोलता. कोपऱ्यात कुणीतरी कुजबुजलं, "बघा, अजूनही घेत नाही पोराला."

दिनोराने ते ऐकलं. तिने बाळ विल्बरकडे दिलं आणि आपल्या डोक्यावरची पांढरी शाल काढली. तिची चौपदरी घडी केली, सासूजवळ गेली, आणि ती घडी तिच्या डाव्या खांद्यावर गळ्यापर्यंत नीट बसवली. कडेची एक सुरकुती हाताने सरळ केली. गाल झाकेल अशी घडी उचलून तिने सासूच्या कानामागे अडकवली. ती डावखुरीच होती, आणि हे सगळं तिने डाव्या हाताने केलं.

मग तिने बाळ उचलून त्या शालीवर ठेवलं.

बाळाने सवयीने टाळू टेकवली आणि जांभई दिली. निन्या एर्लिंदाने डोळे मिटले. तिचा हात त्याच्या पाठीवर होता.

"देव तुझं कल्याण करो," ती म्हणाली. आवाज हळू नव्हता. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेला. "सोमवारी कुठं जाऊ नकोस, निन्या दिनोरा."

सगळं चर्च वळून त्या बावीस वर्षांच्या मुलीकडे बघू लागलं. दिनोराला क्षणभर कळेना, ही निन्या कोण. कळलं तेव्हा तिने सासूच्या कानामागून सुटू लागलेली शाल पुन्हा नीट अडकवली.

"नाही जात," ती म्हणाली.